दुसऱ्या भेटीतील मुंबई
(जलपर्यटकांसाठी काही अल्पपरिचित स्थळे)

सकाळी जहाज धक्क्याला लागते आणि सायंकाळी सुटते. मधल्या आठ-दहा तासांत ज्याला शहर पाहावयाचे असते, त्या प्रवाशाची गणना इतर पर्यटकांबरोबर करता येत नाही. तो हॉटेलात उतरत नाही, शहरात रात्र काढीत नाही. त्याचे सामानसुमान, जेवण आणि अंथरूण सारे जहाजावरच असते. शहराच्या वाट्याला येतात ते केवळ त्याचे काही तास, आणि त्या तासांत तो जे पाहील, खाईल, विकत घेईल तेवढेच. अशा प्रवाशांसाठी मुंबई बंदरात बॅलार्ड पियर येथे उभारलेल्या आंतरराष्ट्रीय जलपर्यटन टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. धक्क्यावरील सोय झाली. धक्क्याबाहेर काय दाखवावयाचे, या प्रश्नाचा विचार मात्र अजून पुरेसा झालेला दिसत नाही.

प्रथमच येणाऱ्या प्रवाशाचा मार्ग ठरून गेलेला आहे. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, आणि सवड असल्यास घारापुरीचे मुख्य लेणे. या मार्गात वावगे काही नाही. अडचण येते ती दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा येणाऱ्याची. जलप्रवासाची गोडी लागलेले प्रवासी त्याच समुद्रमार्गावर पुन्हा पुन्हा येतात. जहाजावरील खलाशी आणि इतर कर्मचारी तर एका हंगामात अनेकदा याच धक्क्याला लागतात. "हे सर्व पाहून झाले आहे," असे म्हणून यांपैकी पुष्कळजण दिवसभर जहाजावरच बसून राहतात. जो प्रवासी धक्क्यापर्यंत येऊनही खाली उतरत नाही, त्याच्यापासून शहराला, टॅक्सीवाल्याला, मार्गदर्शकाला वा खानावळीला एक पैचाही लाभ होत नाही.

घड्याळ आणि भूगोल

अशा दिवसाची आखणी अंतराने नव्हे तर वेळेने करावी लागते. समजा, जहाज सकाळी आठला लागले आणि सायंकाळी सहाला सुटावयाचे आहे. कागदपत्रांची तपासणी होऊन प्रवासी बाहेर पडेपर्यंत नऊ-साडेनऊ वाजतात, आणि सुटण्याच्या वेळेपूर्वी निदान तासभर आधी त्याला परत यावे लागते. हाती उरतात सुमारे सात तास. जहाज कंपनीने स्वतः नेलेल्या सहलीस उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. म्हणून ज्या ठिकाणाहून परतण्याची खात्री नाही, ते ठिकाण कितीही सुंदर असले तरी या दिवसासाठी निरुपयोगी समजावे.

मुंबईची ठेवण दक्षिणोत्तर आहे आणि बंदर तिच्या दक्षिण टोकाजवळ, पूर्व अंगाला आहे. नेहमीच्या सहली पश्चिम किनाऱ्याकडे वळतात. पूर्व किनारा, म्हणजे मशीद बंदर, माझगाव, भायखळा आणि शिवडी हा पट्टा, धक्क्याला अधिक जवळ असूनही दुर्लक्षित राहतो. लोकलगाडीची सोय येथे विशेष उपयोगी पडते. सकाळी मुंबईचा लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आणि सायंकाळी उलट दिशेने जातो. धक्क्यावरचा प्रवासी नेमका याच्या विरुद्ध, सकाळी उत्तरेकडे आणि दुपारनंतर दक्षिणेकडे, प्रवास करतो. ज्या गर्दीची त्याला धास्ती घातलेली असते, ती त्याला सहसा समोरच्या फलाटावरच दिसते.

धक्क्याच्या पाठीमागे

ज्याच्या पायांत फारसे बळ नाही अशा वृद्ध प्रवाशाला टर्मिनलच्या दारातूनच सुरुवात करता येते. आजचा इंदिरा डॉक १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक या नावाने खुला झाला. तो खणताना निघालेल्या मातीदगडांची भर समुद्रात घालून जी जमीन तयार झाली, तीवर १९१४ ते १९१८ या काळात बॅलार्ड इस्टेट वसविण्यात आली. १८७३ साली स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला दिलेले आहे. इमारतींचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांचा. एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, रुंद पदपथ आणि झाडांची सावली यांमुळे रविवारी सकाळी हा भाग मुंबईत आहे यावर विश्वास बसत नाही. विलायतेची टपाल-बोट ज्या काळी बॅलार्ड पियरला लागे, त्या काळी येथे धक्क्यालगतच रेल्वे स्थानकही होते आणि १९२८ पासून फ्रंटियर मेल तेथून पेशावरकडे सुटत असे.

येथून पायी जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात, मुंबईच्या जुन्या तटबंदीचा एक अवशेष उभा आहे. फोर्ट हे नाव मुंबईकर रोज घेतो, परंतु तो कोट कोठे आहे असे विचारल्यास गोंधळतो. १८६० नंतरच्या दशकात तट पाडण्यात आला. अठराव्या शतकातील सेंट जॉर्ज किल्ल्याचा हा तुकडा तेवढा राहिला, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे कार्यालय त्याच आवारात आहे.

आणखी थोडे उत्तरेस, मशीद स्थानकाजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर, बेने इस्रायल समाजाचे शाअर हारहमीम हे प्रार्थनामंदिर आहे. १७९६ साली स्थापन झालेले हे सिनेगॉग मुंबईतील सर्वांत जुने होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युअल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधविले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी हे मंदिर उभारले, अशी समाजाची परंपरा सांगते. बेने इस्रायलांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगाव येथे किनाऱ्याला लागले, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणविले गेले, हीही त्यांचीच परंपरा. त्यांची मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात या समाजाने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही केली. समुद्रमार्गे आलेल्या परदेशी पाहुण्याला समुद्रमार्गेच आलेल्या आणि मराठी झालेल्या या समाजाची ओळख करून देण्यास याहून चांगली जागा नाही. सुरक्षिततेच्या कारणास्तव येथे आगाऊ परवानगी आणि ओळखपत्र आवश्यक असते. ती व्यवस्था जहाज येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

माझगावची टेकडी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बर मार्गावरील तिसरे स्थानक डॉकयार्ड रोड. स्थानकाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्या पोटात दक्षिण मुंबईला पाणी पुरविणारा जलाशय आणि माथ्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. येथून बंदराचा पूर्व भाग, जहाजबांधणीच्या याऱ्या आणि पलीकडची खाडी एका दृष्टिक्षेपात येते. ज्या बंदरात आपले जहाज उभे आहे ते बंदर वरून पाहण्याचा आनंद काही निराळाच. मात्र समोरच्या आवारात नौदलाच्या नौका बांधल्या जातात, त्यामुळे छायाचित्रे घेण्यावर निर्बंध असतात, हे प्रवाशाला आधीच सांगणे इष्ट.

ज्यांचे नाव उद्यानाला आहे ते बॅरिस्टर काका बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर. त्यांचे घर टेकडीपासून जवळच, मातारपाखाडीत. ही ईस्ट इंडियन समाजाची जुनी वाडी. लाकडी जिने, नक्षीदार कठडे, कौलारू छपरे आणि वळणावर उभा असलेला क्रूस. येथील ख्रिस्ती कुटुंबे मूळची याच भूमीतील. कोळी, आगरी, कुणबी अशा समाजांतून पोर्तुगीज काळात धर्मांतरित झालेली आणि आपली वेगळी मराठी बोली जपणारी. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. गिरगावातील खोताची वाडी अधिक प्रसिद्ध आहे. मातारपाखाडी तुलनेने शांत, आणि धक्क्याला जवळ.

परंतु शांतता हेच येथले वैभव असल्याने काळजीही घ्यावयास हवी. ही घरे वस्तुसंग्रहालयातील नव्हेत. तेथे माणसे राहतात, दुपारी वामकुक्षी घेतात, ओट्यावर कपडे वाळत घालतात. पन्नास प्रवाशांची बस गल्लीच्या तोंडाशी थांबवून सर्वांना एकदम आत सोडले, तर दुसऱ्या खेपेस रहिवाशांनी दारे लावून घेतली तरी त्यांना दोष देता येणार नाही. सहा-आठ जणांचा गट, बरोबर वाडीतीलच एखादा जाणता माणूस, आणि खिडकीतून आत कॅमेरा न रोखण्याचे पथ्य. एवढे पाळले तरी पुरे. वाडीतील गृहिणींकडून बाटली मसाला किंवा घरगुती खाद्यपदार्थ विकत घेण्याची सोय झाल्यास मार्गदर्शकाप्रमाणे त्यांच्याही हाती चार पैसे पडतील.

याच माझगावात नवाब टँक मार्गावर चिनी खलाशांचे एक देऊळ आहे, हे अनेक मुंबईकरांनाही ठाऊक नसते. एके काळी गोदीच्या आश्रयाने येथे चिनी खलाशी आणि कारागीर यांची वस्ती होती. त्यांनी १९१९ साली सी यूप मंदिर स्थापन केले. वरच्या मजल्यावर, तांबड्या रंगाच्या लहानशा गाभाऱ्यात, कुआन कुंग या देवतेची पूजा होते. वस्ती आता पांगली आहे, तरी चिनी नववर्षाच्या दिवशी भाविक येतात. आजच्या प्रवासी जहाजांवर आशियाई देशांतील कर्मचारी मोठ्या संख्येने असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या खलाशांनी परमुलखात बांधलेले हे देऊळ त्यांच्यापैकी कोणाला दाखविल्यास तो ते विसरणार नाही.

हत्ती भायखळ्याला, लेणी बेटावर

घारापुरी पाहून गेलेल्या प्रवाशाला एक प्रश्न विचारावा: ज्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आपण पाहिला काय? बहुधा उत्तर नकारार्थी येते, कारण तो बेटावर नाही. धक्क्याजवळ उभा असलेला हा अजस्र पाषाणहत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो कोसळून फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आणण्यात आले आणि कालांतराने जोडून भायखळ्याच्या बागेत उभे करण्यात आले. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूच्या हिरवळीवर आहे. सांधे स्पष्ट दिसतात. एका बेटाचे नाव परदेशातील नकाशांवर ज्याच्यामुळे गेले तो हत्ती शेजारून जाणाऱ्या शाळकरी मुलांच्याही लक्षात येत नाही, ही गोष्ट शिक्षकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने सुरू झाले. त्याच्या उभारणीसाठी खपलेले धन्वंतरी आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ साली देण्यात आले, आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले. जुन्या मुंबईतील जातीजमाती, पेहराव, धंदे आणि होड्या यांच्या लहान प्रतिकृती पाहताना दीड तास सहज जातो. परतीच्या वाटेवर भायखळा स्थानकाची इमारतही पाहावी. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्या मार्गावरील हे स्थानक, आणि त्याच्या जुन्या दगडी वास्तूच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला आहे.

भायखळ्यालाच अग्निशमन दलाचे मुख्यालय आहे. तेथील स्मारकाचा संबंध थेट गोदीशी पोहोचतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा भरलेला होता. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांनी गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत आग विझविणारे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला या घटनेचे गांभीर्य समजावून सांगावे लागत नाही.

हत्ती पाहिल्यानंतर ज्याला बेटावर पुन्हा जावेसे वाटेल, त्याने या वेळी पहिल्या लेण्याशी थांबू नये. घारापुरीला सात लेणी आहेत. शिवाची भव्य शिल्पे असलेले लेणे १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले आहे आणि गर्दीही तेथेच होते. त्याच डोंगरावरील पुढच्या लेण्यांकडे फार थोडे पाय वळतात, आणि समोरच्या पूर्वेकडील टेकडीवरची दोन लेणी व विटांच्या स्तूपाचे अवशेष तर जवळजवळ कोणीच पाहत नाही. बेटाच्या किनाऱ्यावर प्राचीन बंदराच्या खुणा आढळल्या असून रोमन बनावटीच्या मद्यकुंभांच्या खापऱ्याही सापडल्या आहेत. म्हणजे परदेशी जहाजांचे येथे येणे काही आजचे नव्हे.

हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील एक गाव आहे, याचाही अनेकांना विसर पडतो. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या आणि त्यांची ग्रामपंचायत. ग्रामपंचायत पर्यटकांकडून नाममात्र कर घेते. समुद्रतळातून केबल टाकून येथे वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. जगभरचे प्रवासी येत असलेल्या गावाला तोपर्यंत रात्री जनित्रावर विसंबून राहावे लागत होते. पहिल्या लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरील दुकानांचा धंदा मुख्यतः शेतबंदरच्या वाटेवर चालतो. दुसऱ्यांदा येणारा प्रवासी पूर्वेकडील टेकडी आणि इतर वस्त्यांकडे वळला, तर त्याच्या खर्चातला थोडा भाग तेथेही पोहोचेल. त्यासाठी पायवाट स्वच्छ राखणे, दिशादर्शक फलक लावणे आणि वाटेवर पिण्याचे पाणी ठेवणे, एवढी कामे आधी व्हावयास हवीत.

गेटवेपासून बेटापर्यंत बोटीला सुमारे एक तास लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी या मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून प्राणहानी झाली. जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज बोटीत पाऊल न ठेवण्याचा नियम कितीही उकाडा असला तरी पाळलाच पाहिजे, आणि तो पाळला जात आहे की नाही हे पाहणे हे केवळ बोटवाल्याचे काम नव्हे.

भरती-ओहोटीचा हिशेब

शिवडीच्या चिखलपाणथळीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. जहाजांचा हंगामही तोच. तथापि येथे मोटारीच्या अंतरापेक्षा समुद्राचे पाणी महत्त्वाचे. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी दूर आत सरकतात. मधल्या दोन-तीन तासांतच ते काठाजवळ दिसतात. २०२४ साली खुला झालेला अटल सेतू याच किनाऱ्यावरून निघतो. पक्ष्यांच्या जागा वर्षागणिक बदलतात, आणि ठाणे खाडीत, जेथे २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे, त्यांची संख्या अधिक असते. म्हणून शिवडीला हमखास पक्षी दिसतील असे आश्वासन कोणी देऊ नये. पक्षी न दिसले तरी जवळच्या टेकाडावरचा शिवडीचा किल्ला आहे. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खाडीवर नजर ठेवण्यासाठी तो बांधला.

काही ठिकाणे मात्र मोहक असूनही या दिवसासाठी नाकारावी लागतात. ससून डॉकचा मासळीबाजार पहाटे भरतो. प्रवासी नऊ वाजता पोहोचतो तेव्हा त्याला ओल्या टोपल्या आणि पांगलेली माणसे तेवढी दिसतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोटारी वाहून नेणारी बोट सुमारे तासाभरात पोहोचते, परंतु एक जहाज गाठण्यासाठी दुसऱ्या बोटीच्या वेळापत्रकावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांचे आणि त्यांच्या पाण्याच्या टाक्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी तेथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी लेखही तेथे कोरलेले आहेत. पण धक्क्यापासून ते पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर, आणि रस्त्याची खात्री नाही. जहाज रात्रभर मुक्कामाला असेल तरच कान्हेरी सुचवावी. वाळकेश्वरच्या बाणगंगेला मात्र हा आक्षेप लागू नाही. भर वस्तीतील हे गोड्या पाण्याचे तळे टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासात गाठता येते.

वारांचा मेळ

यांपैकी कोणत्याही स्थळासाठी नवे काही बांधण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती वारांचा मेळ घालण्याची. घारापुरीची लेणी आणि कान्हेरी सोमवारी बंद असतात. भायखळ्याचे संग्रहालय आणि बाग बुधवारी बंद असते. सिनेगॉगला शनिवार हा प्रार्थनेचा दिवस. जहाज कोणत्या तारखेस लागणार हे बंदराला महिनोन् महिने आधी ठाऊक असते. ती तारीख, त्या दिवशीचा वार आणि भरती-ओहोटीच्या वेळा एका कागदावर मांडून टर्मिनलच्या बाहेर पडण्याच्या दारात लावल्या, तर सोमवारी आलेला प्रवासी भायखळ्याकडे वळेल आणि बुधवारी आलेला बेटाकडे. त्या कागदावर सर्वांत ठळक अक्षरांत एकच वेळ असावी: धक्क्याच्या फाटकात परत पोहोचण्याची.